विमानाचा तास कुठून कुठपर्यंत मोजायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सुट्टीसाठी म्हणून 'कुठून कुठे किती अंतर, विमानाला किती वेळ' अशी एक चौकट छापली होती, ती आमच्याकडे लोकांनी कापून ठेवलीय आणि व्हॉट्सअपवर तर तिचे फोटो अजून फिरतायत. मी नौपाड्यात तिकिटं काढून द्यायचा धंदा करतो, रेल्वे, बस, विमान सगळंच, त्यामुळे रोज कोणी ना कोणी तो फोटो उघडून मोबाइल माझ्यापुढे धरतं आणि म्हणतं, काका, पेपरात तर असं लिहिलंय आणि तुम्ही वेगळंच सांगताय. म्हणून म्हटलं एकदा सरळ तुम्हालाच लिहावं. दोन आकडे तर चक्क चुकलेत ते आधी सांगून टाकतो, मग जे चुकलेलं नाही पण तरी लोकांना गंडवतं त्याच्याकडे येतो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

मुंबई-नागपूरचं हवाई अंतर तुम्ही ८४० किलोमीटर दिलंय. साहेब हे रेल्वेचं अंतर आहे, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत गाडी जाते त्याचं. विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ रेघ काढली तर ६८५ च्या आसपास येतं. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर आहे, म्हणजे तुमच्या चौकटीचं ऐकलं तर विमान रस्त्यापेक्षाही लांबचा फेरा मारून जातं. एवढं तरी छापण्याआधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं ना.

दुसरं दुबई. 'वेळ : १ तास ४५ मिनिटं' असं छापलंय. दुबई मुंबईपासून १,९३० किलोमीटर आहे, दिल्ली ११४० आहे, आणि दिल्लीला सव्वादोन तास लिहिलेत आणि दुबईला पावणेदोन. हे कसं झालं असेल ते मला लगेच कळलं कारण माझ्याकडचे निम्मे लोक हेच करतात. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची वेळ दुबईची. सकाळी १० ला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात पावणेबाराला उतरतं, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे खरे लागले सव्वातीन तास. येताना उलटं, तीन तासांचा प्रवास कागदावर साडेचार तासांचा दिसतो आणि लोक मला फोन करून विचारतात की मधे कुठे थांबतंय का हो हे विमान. ही चूक कोणाकडूनही होईल, पण पेपरात छापली की ती खरी होऊन बसते.

आता अंतराचं. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट, नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ नव्हे. जवळच्या गावांना काही फरक पडत नाही, पण लांबच्याला पडतो. मुंबई-न्यूयॉर्कच घ्या, सपाट नकाशावर वाटतं विमान अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असं सरळ डावीकडे जाणार. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो वर चढत चढत रशिया, स्कँडिनेव्हिया करून आइसलँडजवळून खाली उतरतो आणि भरतो साडेबारा हजार किलोमीटर. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, गंमत वाटते. हे अंतर मात्र पक्कं, ते कोणाच्या मर्जीवर बदलत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की अंतर माहीत, विमानाचा स्पीड माहीत, भागाकार केला की वेळ मिळाला. तिथेच फसगत होते.

नागपूरचाच हिशोब करू. ६८५ किलोमीटर आणि विमान वरती पोचल्यावर ताशी ८०० च्या वर जातं, म्हणजे पन्नास मिनिटांत नागपूर यायला पाहिजे. पण तिकिटावर असतात दीड तास, कुठे एक चाळीस. मधली चाळीस-पन्नास मिनिटं गेली कुठे? थोडी चढण्या-उतरण्यात जातात, कारण ३३-३५ हजार फुटांवर जाईपर्यंत आणि तिथून खाली येताना विमान काही त्या स्पीडला नसतं, आणि नागपूर इतकं जवळ आहे की धड वर पोचलं नाही तोवर खाली यायची तयारी सुरू. पण बाकीची मिनिटं जमिनीवरच जातात. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं त्या क्षणापासून पलीकडे जाऊन जागेवर थांबलं तोपर्यंतची, ह्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात रनवेपर्यंत सरपटत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरल्यावर पार्किंग मिळेपर्यंतचं आलं.

माझे एक जुने कस्टमर आहेत, कळव्याचे, बँकेतून रिटायर झालेले, मुलगी नागपूरला दिलीय म्हणून सारखं जाणं-येणं. त्यांना सवय आहे बोर्डिंग पासच्या मागे पेनानं वेळा लिहायची. एकदा येऊन त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. तिकीट होतं ७:०० ते ८:४० चं. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं : मागे ढकललं ७:१४, चाकं उचलली ७:२९, चाकं टेकली ८:३४, थांबलं ८:४०. म्हणजे सुटलं चौदा मिनिटं उशिरा आणि पोचलं अगदी टाइमावर. उतरताना अनाउन्समेंट झाली की आपण वेळेवर पोचलो आहोत आणि लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या म्हणे. आजोबा मला म्हणाले, अरे ह्यात टाळ्या कसल्या, हवेत होतो एक तास पाच मिनिटं आणि तिकिटावर एक चाळीस लावलेत, मधे इतकी हवा भरून ठेवलीय की उशीर झाला तरी झाला म्हणायचा नाही. माझं म्हणणं ह्याच्यापेक्षा वेगळं नाही. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या हिशोबात १५ मिनिटांच्या आत असेल तर विमान वेळेवर धरतात, त्यात कंपनीनं टाइमटेबलातच मोकळी जागा ठेवली की कागदावर सगळं कसं छान दिसतं. पूर्ण लबाडी आहे असंही मी म्हणणार नाही, कारण मुंबईला खरंच वेळ जातो, पण किती वेळ प्रवासाचा आणि किती सावधगिरीचा हे कोणी सांगत नाही.

मुंबईला वेळ का जातो तर सांताक्रूझला रनवे दोन आहेत खरे पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, आणि त्या एका रनवेवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. संध्याकाळी घोडबंदरला गायमुखच्या चढाला ट्रक लागतात तशी विमानं टॅक्सीवेवर एकामागे एक उभी असतात, आणि उतरणारी वर घिरट्या घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनंच सांगितलं होतं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतायत, आणि गर्दीच्या वेळेत ताशी ४६ ऐवजी ४४ च विमानांची ये-जा ठेवा म्हणून कमी करायला लावली. आता ह्या घिरट्यांचे किलोमीटर कोणत्या चौकटीत धरणार? अंतर ६८५ च, पण विमान प्रत्यक्षात किती चाललं ते त्या दिवशीच्या गर्दीवर.

आणि सरळ रेघेत तर ते तसंही जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, रनवे ज्या दिशेला त्या दिशेलाच चढावं लागतं, मग वळायचं, हवाई दलाच्या राखीव हद्दी टाळायच्या. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच जाहीर केलं होतं की देशाच्या हवाई हद्दीपैकी ६० टक्केच नागरी विमानांना मोकळी मिळते आणि ती वाढवली तर वर्षाला हजार कोटी वाचतील. परदेशाचं तर विचारूच नका. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचे तास वाढले, दिल्ली-लंडन अंतर काही एका रात्रीत वाढलं नव्हतं.

वाऱ्याचं तर तुम्ही नावच घेतलेलं नाही. चौकटीत 'मुंबई-कोलकाता' असा एकच आकडा आहे, जाता-येता सारखाच. साहेब, हिवाळ्यात उत्तर भारतावर बारा-एक किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहतं, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, त्याच्या मधल्या पट्ट्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग सहज असतो. आपण त्याच्या दक्षिणेला आहोत त्यामुळे सगळा झटका आपल्याला मिळत नाही, पण कोलकात्याला जाणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटा मिळतो आणि येणाऱ्याला तोच समोरून लागतो. १,६६० किलोमीटर तेच, पण येताना वीसेक मिनिटं जास्त लागतात आणि टाइमटेबलातही तसंच दिसतं. दुबईला उलटं, जाताना जास्त, येताना कमी. पावसाळ्यात हे पश्चिमेचं वारं पार हिमालयापलीकडे सरकतं आणि दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून वारं सुरू होतं, तेव्हा हिशोब परत बदलतो. नागपूरसारख्या जवळच्या फ्लाइटला पाच-दहा मिनिटांचा मामला असतो, सोडून द्या. पण अमेरिकेला पोरांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना मी आवर्जून सांगतो की जातानाचे आणि येतानाचे तास वेगळे दिसले तर घाबरू नका, तिकीट चुकीचं काढलेलं नाही.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात, दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे. पण ह्या वेळेवर पैसे ठरतात. फ्लाइट वेळेत न कळवता रद्द झाली आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणं भरपाई ब्लॉक टाइमवर मिळते, एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते. दिल्लीची फ्लाइट हवेत दोन तासांच्या आतच असते पण कागदावर सव्वादोन, त्यामुळे ती वरच्या पायरीत बसते. इथे भरलेली हवा आपल्या फायद्याची झाली. पण उशीर झाल्यावर खाणंपिणं द्यायचा नियम बघा : अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास उशीर झाला की द्यायचं, अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला तीन तास उशीर झाल्यावर. कोलकात्याहून येणारी फ्लाइट कागदावर अडीचच्या वर जाते म्हणून तिथे अडकलेला माणूस एक तास जास्त उपाशी बसणार. हे माझ्याकडच्या एका कुटुंबाबरोबर घडलंय, बरोबर लहान मूल होतं, आणि काउंटरवरच्या मुलीनं नियमावर बोट ठेवलं. नियमानं ती बरोबरच होती, मी फोनवर काय बोलणार.

अजून एक गंमत. कोविडनंतर मे २०२० मध्ये विमानं परत सुरू झाली तेव्हा सरकारनं वेळेनुसार भाड्याचे टप्पे केले होते, ते ऑगस्ट २०२२ पर्यंत चालले. त्यात दिल्ली-मुंबई कुठल्या टप्प्यात होतं माहितीये? ९० ते १२० मिनिटं, सुरुवातीला भाडं ३,५०० ते १०,०००. म्हणजे भाडं ठरवताना दोन तासांच्या आत आणि टाइमटेबलात सव्वादोन. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, मधल्या मधे गिऱ्हाईक मला विचारतं की काका नक्की किती.

आता आपल्या ठाण्याचं, ज्यासाठी मुख्य लिहायला बसलो. चौकटीत सगळीकडे नुसतं 'मुंबई' लिहिलंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडतायत, आता 'मुंबई' म्हणजे कुठलं ते लिहायलाच पाहिजे. सरळ रेघेत उलवे, म्हणजे नवी मुंबईचं विमानतळ, नागपूरला सांताक्रूझपेक्षा पंधरा-वीस किलोमीटर जवळ आहे, विमानाला त्याचा फरक एक-दीड मिनिटाचा, पण माणसाला दोन तासांचा पडू शकतो. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळवाल्यांची चैन झालीय. कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोड धरला तर ठाण्यातूनही सकाळी बरं पडतं. पण घोडबंदरच्या टोकाला राहणारा माणूस स्वस्त दिसलं म्हणून मोबाइलवर स्वतःच बुकिंग करतो, कोड बीओएम (सांताक्रूझ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघत नाही, आणि आदल्या रात्री मला फोन येतो की अहो टी-टू ला कुठल्या गेटनं जायचं. अरे बाबा सांताक्रूझचं टी-टू नाही, तुला उलव्याला जायचंय! उन्नत रस्ता होणार म्हणतात ठाण्यातून, होईल तेव्हा होईल, सध्या जे आहे त्याच्यावर बोलू.

गोव्याला हे आधीच होऊन बसलंय. जानेवारी २०२३ पासून उत्तरेला मोपाचं नवं विमानतळ सुरू झालं, दाबोळीचं जुनं आहेच. मुंबईहून दोन्हीकडे फ्लाइटचा वेळ जवळपास तोच, पण हॉटेल काणकोणला आणि विमान मोपाला म्हणजे टॅक्सीत अख्खा गोवा उभा ओलांडायचा, आणि टॅक्सीचं बिल बघून तिकिटात वाचवलेले पैसे गेले म्हणून समजा. तुमच्या चौकटीत 'गोवा : १ तास १५ मिनिटं', बस.

म्हणून मी कस्टमरला काय सांगतो ते लिहितो, पटलं तर घ्या. ठाण्यातून नागपूरला विमानानं जायचं तर घर ते घर पाच-साडेपाच तास धरा. रस्त्याचा पाऊण तास ते दीड तास, सकाळ आहे की संध्याकाळ त्यावर. विमानतळावर दोन तास आधी, वेब चेक-इन केलं असलं तरी बॅग टाकायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो आणि सिक्युरिटीची रांग आपल्या हातात नाही. मग तिकिटावरचे दीड-एक चाळीस. तिकडे पट्ट्यावर बॅग यायला वीसेक मिनिटं. नागपूरचं विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे ही एक चांगली गोष्ट. समृद्धीनं गाडी असेल तर आमण्यापासून आठ तास सांगतात, त्यात भिवंडी पार करायचा वेळ तुमचा तुम्ही मिळवा. आणि विदर्भ एक्स्प्रेसला रात्री ठाण्यातच चढलं की झोपून सकाळी नागपूर, एक दिवसही वाया जात नाही. चार माणसं, लग्नाचं सामान, म्हातारी आई बरोबर असं काही असलं तर मी सरळ गाडीचं तिकीट काढून देतो, माझं कमिशन बुडालं तरी. एकट्या माणसाला मीटिंग करून रात्री परत यायचंय त्याला विमानच.

तर साहेब, विनंती एवढीच. नागपूर आणि दुबईची दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, जिथे चौकट होती तिथेच टाका, कारण चुकीची चौकट लोकांकडे जपून ठेवलेली आहे. पुढच्या वेळी चौकट कराल तेव्हा विमानतळाचं नाव लिहा, जातानाची आणि येतानाची वेळ वेगळी लिहा, परदेशाचं असेल तर घड्याळातला फरक लिहा, आणि वेळेच्या खाली छोट्या अक्षरात का होईना 'गेटपासून गेटपर्यंत' एवढं टाका. जागा कमी पडत असेल तर अंतराचा रकाना काढून टाकला तरी चालेल, किलोमीटर विचारायला माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर वाऱ्याचं कापा, पण भरपाईचं आणि खाण्याचं ठेवा.

आपला,
एक तिकीट एजंट आणि रोजचा वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)